पहाटे सव्वासहाला दारात पोलीस, हातात वॉरंट नाही. घरात घ्यायचं की नाही?

शेवंती | रविवार, रात्री ९:१०

एरवी मी वाचनमात्र असते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी आत्या ७१ वर्षांची. हार्बर लाईनवर म्हाडाच्या जुन्या इमारतीत एकटीच राहते. परवा शुक्रवारी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. दूधवाला समजून तिने आतलं दार उघडलं तर सेफ्टी डोअरपलीकडे चार माणसं. दोघं साध्या कपड्यांतले, हिंदी बोलणारे, परराज्यातल्या सायबर शाखेचे. एक आपल्याकडचा गणवेशातला हवालदार. चौथा कोण ते कळलंच नाही.

आत्याकडे पूर्वी एक मुलगा पेइंग गेस्ट होता. त्याच्या बँक खात्यात म्हणे ऑनलाईन फसवणुकीचे पैसे आले आणि खात्याला पत्ता आत्याचा. आत्या म्हणाली, तो दिवाळीतच गेला. "हमें देखना पडेगा" म्हणत मंडळी आत. दोन्ही खोल्या, संडास-बाथरूम, पलंगाखाली बघितलं. मग लोखंडी कपाट, देव्हाऱ्याखालचा कप्पा, माळ्यावरचे डबे. जाताना त्या मुलाच्या नावाने आलेली दोन पाकिटं आणि आतोबांचा जुना मोबाईल (आतोबा जाऊन सहा वर्षं झाली) घेऊन गेले. कागद काही दिला नाही.

आत्याने विचारलं होतं, वॉरंट आहे का? हवालदार म्हणाला, "आजी, वॉरंट लागत नाही."

खरंच लागत नाही का? आणि मोबाईल परत कसा मिळवायचा?

पोहेवाला | रविवार, रात्री ९:२२

देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आरोपी? अंगठ्याएवढा होता का?

मुक्काम_डोंबिवली | रविवार, रात्री ९:३१

वॉरंटशिवाय पोलीस घरात पाऊलही टाकू शकत नाहीत. आत्यांनी दार उघडायलाच नको होतं. थेट कोर्टात खेचा.

काळाकोट | रविवार, रात्री १०:०५

मुक्काम, ते परदेशी मालिकांमधलं झालं. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्यात (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) तपास अधिकाऱ्याला घरात शिरायला बहुतेक वेळा वॉरंट लागत नाही. हवालदार शब्दशः खोटं बोलला नाही. पण वॉरंट लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असं नव्हे. इथेच लोक फसतात, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ पोलीसही.

आधी आकड्यांचा घोळ. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम ४७ आता ४४ झालं, १६५ चं १८५ आणि १०० चं १०३. मजकूर बराचसा तोच.

पोहेवाला गमतीत बोलले, पण मुद्दा नेमका तिथेच आहे. कलम ४४ माणूस शोधण्यासाठी आहे. ज्याला अटक करायचा अधिकार पोलिसाला आहे तो या घरात आहे असं मानायला कारण असेल, तर घरात राहणाऱ्याने मागणी होताच आत येऊ द्यायचं आणि शोध घेऊ द्यायचा. नाही घेतलं तर आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून, आत घेण्याची रीतसर मागणी करून, मग दार तोडताही येतं. हो, तोडता येतं. वॉरंटशिवाय. पण माणूस पलंगाखाली सापडेल, माळ्यावर सापडेल, संडासात सापडेल. डाळीच्या डब्यात नाही सापडणार.

डबे उघडायचे म्हणजे वस्तू शोधायची, आणि ते कलम १८५. ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी यांनाच तो अधिकार. तपासाला लागणारी वस्तू त्या जागी आहे आणि दुसऱ्या मार्गाने वेळेत मिळणार नाही, असं मानायला सबळ कारण हवं. ते कारण आधी केस डायरीत लिहायचं. काय शोधतोय तेही जमेल तितकं लिहायचं. शक्यतो स्वतः जायचं. हाताखालच्याला पाठवायचं तर का, ते लिहून त्याच्या हातात लेखी आदेश द्यायचा. झडतीची नोंद ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे. घरात राहणाऱ्याने अर्ज केला तर दंडाधिकारी नक्कल फुकट देतात.

गंमत बघा. झडतीआधी न्यायाधीशाला विचारायला लावलेलं नाही, म्हणून कायद्याने अधिकाऱ्यालाच जागोजागी लिहायला लावलंय. त्यामुळे दारात "वॉरंट आहे का" विचारलंत की उत्तर मिळतं "लागत नाही" आणि बोलणं संपतं. त्याऐवजी विचारायचं, गुन्हा क्रमांक किती? माणूस शोधताय की वस्तू? तपास अधिकारी कोण? तुम्हाला लेखी आदेश कोणाचा? दोन पंच, म्हणजे झडतीचे स्वतंत्र साक्षीदार, कुठे आहेत?

खाकी३४ | रविवार, रात्री ११:१८

३४ वर्षं खात्यात काढून फौजदार म्हणून निवृत्त झालो. वकीलसाहेबांनी कलमं बरोबर सांगितली. आता दाराच्या आमच्या बाजूचंही ऐका.

पहाटे सहाला दोन स्वतंत्र पंच आणा म्हणायला सोपं आहे. शेजारची बेल वाजवली की आतला लाईट बंद होतो. कोर्टाच्या तारखा कोणाला हव्यात? मग कोपऱ्यावरचा पानवाला आणायचा आणि बचाव पक्षाने उलटतपासणीत त्याला "तुम्ही किती केसेसमध्ये पंच आहात" विचारून उताणा पाडायचा.

आणि प्रत्येक वेळी कागद करत बसायला वेळ नसतो. मजल्यावरून फोन येतो, आतून बाई ओरडतेय, कोणीतरी मारतंय. तिथे मी डायरी लिहू का? दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून मध्ये पडायचा अधिकार प्रत्येक पोलिसाला आहे, पूर्वी कलम १४९, आता १६८. दार ढकलून गेलोय मी. एकदा बाई वाचली. एकदा आत टीव्हीवर मारामारी चालू होती, माफी मागून परत आलो.

तरीही शेवंतीताई, पावतीशिवाय मोबाईल नेला असेल तर ती चूकच. वस्तू उचलली की यादी आणि यादीची नक्कल घरच्यांच्या हातात. यात सबब चालत नाही.

काळाकोट | रविवार, रात्री ११:४०

फौजदारसाहेब, ओरडणाऱ्या बाईबद्दल दुमत नाहीच. पंचांची अडचणही मान्य. पण नव्या संहितेने तुमच्या लोकांसाठीच एक सोय केलीय. कलम १०५, झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण, शक्यतो मोबाईलवर. यादी करून पंचांच्या सह्या घेण्याचं कामही त्या चित्रणात यायला हवं. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲपसुद्धा आहे. पानवाल्याची साक्ष फिरेल, चित्रण कसं फिरेल?

शेवंती, आत्यांनी कोणाला मोबाईल धरून चित्रण करताना पाहिलं का?

शेवंती | रविवार, रात्री ११:५२

विचारलं. म्हणाली, एकजण सारखा मोबाईल धरून होता, पण तिला वाटलं टॉर्च लावलाय. माळ्यावर अंधार आहे.

चाळकरी | सोमवार, सकाळी ८:०३

पंच या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

लालबागला आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर झडती होती. मी कामावर निघालो होतो, डबा हातात. "साहेब, पाच मिनिटं." अडीच तास गेले. शेवटी पंचनामा पुढे आला, त्यावर सही करा. मी सवयीने वाचायला लागलो (प्रूफरीडर होतो ना). त्यात लिहिलं होतं "लाकडी कपाटातून". मी म्हटलं, कपाट लोखंडी आहे. लिहिणारा वैतागला, पण दुरुस्ती केली, बाजूला सह्या झाल्या.

चार वर्षांनी शिवडीच्या सेशन्स कोर्टात समन्स. बचावाच्या वकिलाने पहिला प्रश्न काय विचारावा? "कपाट कशाचं होतं?"

काळाकोट, पंच व्हायला नाही म्हणता येतं का? बायको विचारतेय.

काळाकोट | सोमवार, सकाळी ९:१५

वहिनींना सांगा, तोंडी बोलावणं आलं तर नाही म्हणता येतं. लेखी आदेश हातात दिला आणि सबळ कारण नसताना नाकारलं तर तो गुन्हा धरला जातो (कलम १०३ मध्येच आहे, शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, २२२ खाली). पण त्याच कलमात असंही आहे की कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला साक्षीला जावं लागत नाही.

आणि तुम्ही वाचून सही केलीत, तशी शंभरात पाच माणसं करत असतील तरी खूप झालं.

भाडोत्री_बंड्या | सोमवार, दुपारी १:३०

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. आम्ही चार पोरं गोरेगावला टू बीएचके भाड्याने घेऊन राहतो. सेक्रेटरी काका दर पंधरवड्याला धमकी देतात, "पोलिसांना घेऊन येतो आणि खोल्या चेक करतो." मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला खरंच एक बीट मार्शल (गस्तीवरचा पोलीस) घेऊन आले. गाणी चालू होती, कबूल. आम्ही बंद केली. तर काका म्हणतात, आता आत जाऊन बघा, मुली असतील.

मार्शल शहाणा होता. आवाज बंद झालाय ना, मग झालं, म्हणाला आणि गेला. पण तो आत आला असता तर?

काळाकोट | सोमवार, दुपारी २:१०

सेक्रेटरीला झडतीचा अधिकार कुठल्याच उपविधीने दिलेला नाही, आणि पोलिसाला तो उसनाही देता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे नियम आहेत. त्यासाठी पोलीस दारात येतील, बंद करायला सांगतील, ऐकलं नाही तर कारवाई करतील. नियम ध्वनिप्रदूषणाचे आहेत. बेडरूममध्ये कोण आहे हा त्यांचा विषय नाही. दोन सज्ञान माणसं बंद दाराआड असणं हा गुन्हाच नाही, मग शोध कशाचा?

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचे आदेश निघतात, ते पूर्वी १४४ खाली निघायचे, आता १६३ खाली. माहिती दिली नसेल तर जबाबदारी मुख्यतः मालकाची. त्यावरून तुमचं कपाट उघडता येत नाही.

आणखी एक. गुन्हा अदखलपात्र असेल, आपण ज्याला "एनसी झाली" म्हणतो, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्याचा तपासच करता येत नाही. मग १८५ ची झडती कुठून येणार?

पोहेवाला | सोमवार, दुपारी २:२५

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांतून जोडप्यांना बाहेर काढलं होतं ते आठवलं. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून दंड. खोली भाड्याची, कडी आतून, आणि ठिकाण सार्वजनिक! नंतर चौकशी लागली म्हणा.

अबोली_ | सोमवार, संध्याकाळी ७:४४

माझ्या माहितीप्रमाणे सूर्यास्तानंतर पोलीस घरात येऊ शकत नाहीत आणि घरात फक्त बाई असेल तर महिला पोलीस हवीच. आत्यांच्या बाबतीत हा मुद्दा कोणीच कसा काढला नाही?

काळाकोट | सोमवार, रात्री ९:३०

अबोली, दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. अगदी कोर्टात येणारे लोकही ती करतात.

सूर्यास्त ते सूर्योदय ही बंदी बाईच्या अटकेला आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची, मगच. बाईच्या अंगझडतीला बाईच हवी, तीही सभ्यता पाळून. घरात शिरायला मात्र या दोन्ही अटी जशाच्या तशा लागत नाहीत. कलम ४४ मध्ये रिवाजाने चारचौघांत न येणारी स्त्री आत असेल तर तिला आधी सूचना देऊन बाजूला व्हायला सवड द्यावी असं आहे, बस. आत्यांसारख्या एकट्या ज्येष्ठ बाईकडे सोबत महिला पोलीस न्यावी ही माणुसकी झाली. कायद्यात ती अट असती तर बरं झालं असतं असं माझं मत आहे, पण मत वेगळं, कलम वेगळं.

साक्षीदार म्हणून मात्र बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊनच घ्यायचा (कलम १७९). आत्यांना उद्या "ठाण्यात या" असा फोन आला तर हे लक्षात ठेवा.

रात्रीचं म्हणाल तर सर्वसाधारण झडतीला घड्याळ नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. कलम ४२, सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय, आणि रात्री जायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल गायब होईल असं का वाटतं ते लिहून. तिथेही साध्या शिपायाला अधिकार नाही, वरचा अधिकारी लागतो.

खाकी३४ | सोमवार, रात्री १०:०२

आमच्या वेळी रात्री दोन-दोनला रेकॉर्डवरच्यांची दारं वाजवायचो. घरी आहे का बघायला. तडीपार परत आलाय का बघायला. ऑल आऊटच्या, म्हणजे शहरभर एकदम तपासणीच्या, रात्री तर रांगेने.

काळाकोट | सोमवार, रात्री १०:२०

तडीपार परतला असेल तर तो स्वतंत्र गुन्हा, त्याला पकडायला जाता येतं. पण "रेकॉर्डवरचा आहे, झोपलाय का बघू" हे १९६२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलंय. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोकून त्याला उठवायचे. न्यायालयाने त्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. तेव्हा खाजगीपणाचा मूलभूत हक्क मात्र मानला नव्हता. तो पुट्टस्वामी निकालाने मिळाला, २०१७ मध्ये. ५५ वर्षं लागली.

मुक्काम_डोंबिवली | सोमवार, रात्री १०:४५

म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो! मग बेकायदा झडती असेल तर आडवं पडायचं की नाही? आणि असा पुरावा कोर्टात बाद होतो ना?

काळाकोट | मंगळवार, सकाळी ७:५०

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही होत. सर्वोच्च न्यायालयाचा पूरणमल निकाल, १९७३. झडती बेकायदा असली तरी पुरावा कामाचा असेल तर तेवढ्यावरून फेकला जात नाही. कोर्ट त्याच्याकडे जास्त बारकाईने बघेल, इतकंच. पोलीस कागद करायचा कंटाळा करतात त्याचं मूळ कारण मला तरी हेच वाटतं.

पहिलं अवघड आहे. १९६२ च्या राधाकिशन निकालात असं वाक्य आहे की कलमं धाब्यावर बसवून झडती होत असेल तर घरमालक तिला विरोध करू शकेल. वाचायला छान वाटतं. पण दारात, सव्वासहाला, ती झडती कायदेशीर आहे की नाही हे कोण ठरवणार? तुम्ही हात आडवा घातला आणि नंतर झडती वैध निघाली तर सरकारी कामात अडथळा (न्याय संहिता २२१), धक्काबुक्की झाली तर १३२. म्हणून अशिलांना मी सांगतो, अडवायचं तोंडाने. "माझी संमती नाही, तुमचं नाव आणि गुन्हा क्रमांक द्या, मी हजर राहून बघणार." झडतीला हजर राहायचा हक्क आहे. तो कोणी नाकारू शकत नाही.

अबोली_ | मंगळवार, सकाळी ८:३५

आणि ते पोलीसच आहेत कशावरून? आमच्या सासूबाईंना दोन "साध्या वेशातल्या पोलिसांनी" पुढे खून झालाय सांगून बांगड्या रुमालात बांधायला लावल्या होत्या. घरी येऊन रुमाल सोडला तर खडे.

खाकी३४ | मंगळवार, सकाळी ९:०५

सेफ्टी डोअर बंद ठेवूनच ओळखपत्र मागा. नाव, हुद्दा, ठाणं विचारा. मग १०० किंवा ११२ ला फोन करून खात्री करा. खरा पोलीस दोन मिनिटं थांबतो, वैतागेल पण थांबेल. आणि व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, दार लावून बसा" म्हणणारा पोलीस नसतोच. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही.

शेवंती | गुरुवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

काल भाऊ आणि मी स्थानिक ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार आधी म्हणाले, "ते बाहेरचे होते, त्यांनाच विचारा." काळाकोट यांनी व्यनिमधून (खाजगी निरोपातून) कलम १८६ पाठवलं होतं. बाहेरच्या अधिकाऱ्याने इथल्या हद्दीत स्वतः झडती घेतली तर इथल्या ठाण्याला लगेच कळवायचं आणि सोबत यादीची नक्कल पाठवायची. मी कागद पुढे केला. मग सीनियर साहेबांनी स्टेशन डायरी मागवली. नोंद आहे! पाच चाळीसला टीम आली, मदतीला हवालदार दिला, अधिकाऱ्याचं नाव, गुन्हा क्रमांक, सगळं. पण फक्त "संशयिताचा शोध" इतकंच. झडतीचं अक्षर नाही, यादी नाही.

साहेबांनी समोरच फोन लावला. संध्याकाळी ईमेलवर यादी आली. दोन पाकिटं, एक जुना मोबाईल, बंद अवस्थेत, बॅटरी फुगलेली. पंच म्हणून दोन सह्या आहेत, एकही आमच्या इमारतीतला नाही.

आणि चौथा माणूस? त्यांच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. माळ्यावर तोच चढला होता.

पोहेवाला | गुरुवार, रात्री ८:४८

😂 मीटर चालू ठेवून!

काळाकोट | गुरुवार, रात्री ९:१५

ड्रायव्हरचं लिहून ठेवा, तारीख-वेळेसकट. आत्यांच्या सहीचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करा, १८५ च्या नोंदींची नक्कल मागा. मोबाईलसाठी आधी तपास अधिकाऱ्याला पत्र, नाही दिला तर सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करू अशी लेखी हमी देऊन) परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज. दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. ड्राफ्ट मी करून देतो, फी म्हणून आत्यांच्या हातचं काहीतरी.

शेवंती | गुरुवार, रात्री ९:४०

थालीपीठ नक्की.

पण आत्याचं मोबाईलवर फार मन नाहीच. तिला तिसरंच खुपतंय. म्हणते, "चौघंही बुटासकट देव्हाऱ्यापाशी गेले. ते येणार आहे का तुझ्या त्या यादीत?"

काळाकोट | गुरुवार, रात्री ९:५२

यादीत नाही. चित्रण झालं असेल तर त्यात दिसेल. अर्जात तेही मागू.